विलीच्या भ्रमाचा मालक कोण?

आर्थर मिलर यांच्या 'डेथ ऑफ अ सेल्समन' या नाटकाविषयी एक ठराविक निदान वर्षानुवर्षे गिरवले जात आहे. विली लोमन हा स्वतःला फसवणारा मनुष्य. त्याने आपली कुवत ओळखली नाही, मुलांच्या डोक्यात भलती स्वप्ने भरली आणि त्याचे फळ त्याला मिळाले! नाटकाच्या अखेरीस थडग्याशी उभा असलेला थोरला मुलगा बिफ हाही बापाची स्वप्नेच चुकीची होती असे म्हणतो, त्यामुळे टीकाकारांना घरचाच साक्षीदार आयता मिळतो. हे निदान खोटे नाही. परंतु ते अर्धेच आहे, आणि नेमके तेवढ्यावर थांबणे कोणाच्या सोयीचे आहे हे पाहिले पाहिजे.

१० फेब्रुवारी १९४९ रोजी न्यूयॉर्कच्या मोरोस्को थिएटरमध्ये, एलिया कझान यांच्या दिग्दर्शनाखाली, हे नाटक प्रथम रंगभूमीवर आले. ली जे. कॉब यांचा विली नमुन्यांच्या दोन जड पेट्या उचलून रात्री घरी परततो. त्या पेट्यांत कोणता माल आहे, हे मिलर शेवटपर्यंत सांगत नाहीत. सांगण्याची गरजच नाही. विली विकतो ते स्वतःचे हसू, ओळखीपाळखी आणि उमेद. ज्या धंद्यात मनातील खात्री हेच हत्यार आहे, त्या धंद्यातील माणसाने स्वतःविषयी मात्र रोकडे सत्य बोलावे, ही अपेक्षा कोणत्या न्यायाची? मालकाने छत्तीस वर्षे ज्या भ्रमावर धंदा केला, तो भ्रम निकामी होताच विलीचा वैयक्तिक दोष ठरतो.

आणि विलीला खरे कळतच नव्हते असेही नाही. १९२८ सालच्या आठवणीत तो बायकोला आधी बाराशे ग्रॉसच्या विक्रीचा आकडा सांगतो. लिंडा पेन्सिल घेऊन दलाली मोजू लागते, तसतसा तो आकडा खाली उतरतो आणि दोनशे ग्रॉसवर येऊन थांबतो. हातात सत्तर डॉलर, देणे त्याहून कितीतरी अधिक. म्हणजे हिशेब विलीला येतो. जे येत नाही ते हिशेब मान्य करून दुसऱ्या दिवशी पुन्हा हसत गिऱ्हाइकाच्या दारात उभे राहणे. हप्ते फिटेपर्यंत मोडकळीस येणारा रेफ्रिजरेटर, पंचवीस वर्षांचे घराचे कर्ज, विम्याचा हप्ता: हे सारे ज्याच्या उमेदीवर चालते, त्याला निराश होण्याची मुभा नसते.

हॉवर्ड वॅग्नर या तरुण मालकासमोरचा प्रसंग या दृष्टीने पुन्हा वाचावा. (अमेरिकेतील १९३५ चा कामगार संघटनांचा कायदा सिनेटर वॅग्नर यांच्याच नावाने ओळखला जातो, योगायोग असेलही, पण बोचरा आहे.) विली फिरतीऐवजी शहरात काम मागतो, आठवड्याला पासष्ट डॉलर, मग पन्नास, मग चाळीस. हॉवर्डचे लक्ष दीडशे डॉलर मोजून आणलेल्या ध्वनिमुद्रण यंत्राकडे. हॉवर्ड दुष्ट नाही, हेच या प्रसंगाचे मर्म. तो केवळ धंदा करतो. विली त्याच्या बापाने दिलेल्या वचनांची आठवण देतो. परंतु वचन वहीत नोंदलेले नसते आणि वही तर हॉवर्डकडे.

रंगमंचाबाहेरही वही कोणाकडे होती? सामाजिक सुरक्षेचा कायदा १९३५ सालचा. १९४८ साली अमेरिकन काँग्रेसने अध्यक्ष ट्रूमन यांचा नकाराधिकार डावलून 'नोकर' या शब्दाची व्याख्या आवळली आणि दलालीवर फिरणाऱ्या अनेक विक्रेत्यांना त्या छत्राबाहेर ठेवले. पूर्णवेळ फिरत्या विक्रेत्यांना स्पष्ट उल्लेखाने आत घेतले गेले ते १९५० च्या दुरुस्तीने. नाटक आले ते बरोबर या दोहोंच्या मध्ये. त्रेसष्ट वर्षांचा माणूस नोकरी जाताच मृत बंधू बेनच्या हिऱ्यांच्या खाणींशी का बोलू लागतो, याचे उत्तर केवळ मानसशास्त्रात शोधणाऱ्यांनी हा तपशीलही पाहावा.

येथे शेजारच्या चार्लीचे उदाहरण हमखास पुढे केले जाते. तोही व्यापारी, तरी सुखी. त्याचा मुलगा बर्नार्ड सुप्रीम कोर्टात उभा राहतो. मग दोष व्यवस्थेचा कसा? युक्तिवाद वरवर बिनतोड आहे. परंतु चार्ली विलीला दर आठवड्याला पन्नास डॉलर देतो ते व्यापाराच्या नियमाने नव्हे, तो नियम मोडून. एका भल्या शेजाऱ्याच्या खिशावर ज्या समाजाचे वृद्ध जगतात, त्या समाजाची वकिली त्या शेजाऱ्याच्या भलेपणाने होत नाही.

विलीला निर्दोष ठरवण्याचेही कारण नाही. बॉस्टनच्या हॉटेलातील बाई, तिला दिलेले मोजे आणि घरी फाटके मोजे रफू करणारी लिंडा. मुलाच्या चोरीकडे केलेले कौतुकाचे दुर्लक्ष. सुतारकामाविषयीची तुच्छता, तीही स्वतःच्या हातांनी घराच्या पायऱ्या बांधणाऱ्याची! हे पाप त्याचेच. मात्र हाताच्या कामाची ती तुच्छता त्याने एकट्याने शोधून काढलेली नव्हती.

१९५१ साली कोलंबिया कंपनीने नाटकावर चित्रपट काढला. त्यात फ्रेडरिक मार्च यांचा विली जवळजवळ वेडा दिसतो, अशी मिलर यांची तक्रार होती. वेडा ठरला की प्रश्न डॉक्टरचा होतो, मालकाचा राहत नाही. तेवढ्यानेही कंपनीचे समाधान झाले नाही. मूळ चित्रपटासोबत दाखवण्यासाठी तिने विक्रेत्याच्या व्यवसायाची थोरवी सांगणारा एक लघुपटही तयार करवला आणि मिलर यांनी त्याला कडाडून विरोध केला. स्वतःच निर्माण केलेल्या चित्रपटाचा प्रतिवाद स्वतःच्याच खर्चाने करणाऱ्या या व्यापाऱ्यांना नाटक टीकाकारांहून अधिक समजले होते.