पॅरिसचा मंगळवार, तुळजापूरचा मंगळवार

परवा एका वाहिनीवर तुळजापूरच्या देवळासमोर घुमणाऱ्या बायका दाखवल्या आणि निवेदकाने बसल्या जागी निदान करून टाकलं : ‘मास हिस्टेरिया’. त्याच बातमीपत्रात पुढे क्रिकेटचा सामना जिंकल्यावर शर्ट काढून डीजेपुढे लोळणारे तरुण आले. तो मात्र ‘जल्लोष’. या सदराच्या वाचकांना माझं हे जुनं दुखणं ठाऊक आहे. आज पुन्हा सोसा.

‘हिस्टेरा’ म्हणजे ग्रीकमध्ये गर्भाशय. ते बाईच्या अंगात भटकतं, वर चढून छाती-गळा आवळतं, म्हणून ती रडते, हसते, आकडी येऊन पडते, असा तिथला जुना समज. प्लेटोसुद्धा त्यातून सुटला नाही. वैद्यांचे उपाय : नाकाशी दुर्गंध, खाली सुगंध, आणि लग्न. शेवटचा उपाय आपल्याकडे अजूनही कोणीही फुकट सुचवतं. आपल्या परिभाषाकारांनी तर या रोगासाठी ‘योषापस्मार’ हा शब्द चालवला, म्हणजे बायकांचं फेपरं. चरकाने उन्मादाचे पाच प्रकार सांगितले, त्यांत बायकांसाठी राखीव एकही नाही. हे आरक्षण कोशकारांचं.

पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयात शार्को नावाचे थोर मेंदूतज्ज्ञ होते. दर मंगळवारी ते रुग्णांना श्रोत्यांसमोर आणून तपासत. त्यांच्या अशा वर्गाचं ब्रुये या चित्रकाराने 1887 साली काढलेलं चित्र प्रसिद्ध आहे. भान हरपलेली एक बाई सहायकाच्या हातावर कलली आहे आणि समोर कोटवाल्या पुरुषांची दाटी. झटका थांबवायला शार्को बाईच्या बीजकोशावर दाब देत. त्यासाठी खास पट्टाही होता. हा आजार पुरुषांनाही होतो हे त्यांनीच ठासून सांगितलं, पण शब्दाच्या पोटातलं गर्भाशय काही हललं नाही.

मंगळवार आमच्या भवानीचाही वार. इथे बाईच्या ‘अंगात येतं’, ‘वारं येतं’. म्हणजे जे काही आलं ते बाहेरून, तिच्या कुठल्या अवयवातून नव्हे. पोतराजाच्याही येतं, त्याला गर्भाशय नसून. आणि बघ्यांचं वागणं बघा. पॅरिसात डॉक्टर विचारणार, डॉक्टरच सांगणार, बाई म्हणजे पुरावा. इथे तिलाच विचारतात : पोराचं लग्न कधी, विहिरीला पाणी लागेल का? एरवी जिला ‘गप बस’ म्हणतात तिच्या पायावर सासू डोकं टेकवते, नवरा कुंकू लावतो. ती तेवढ्या वेळात वर्षाचं साचलेलं बोलून घेत असावी, असा माझा संशय आहे. पुरावा मागू नका.

म्हणून मी भगतांचा वकील झालो असं कोणी समजू नये. अंगात आल्याचं सांगून लोकांना लुबाडणाऱ्यांसाठी 2013चा कायदा हवाच होता, आणि सरकारला जाग यायला दाभोलकरांचा खून व्हावा लागला. पण त्या बायकांना रोगी ठरवायचं तर निदान ज्या रोगाचं नाव वैद्यकात शिल्लक आहे, तो तरी द्या. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत ग्रंथात 1980पासून हिस्टेरिया हा स्वतंत्र आजार उरलेला नाही.

त्याच ग्रीक मुळाचा दुसरा शब्द मात्र आमच्या भागात चांगलाच चालतो : हिस्टेरेक्टॉमी. आमच्या बायका म्हणतात, ‘पिशवी काढली’. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2019 साली ऊसतोड करणाऱ्या 82,309 बायकांची पाहणी झाली. 13,861 जणींची पिशवी काढलेली निघाली. आमच्या भूम, वाशी, कळंबच्या टोळ्याही त्याच फडात जातात. पाळीच्या दुखण्याने एक दिवस घरी बसलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे मुकादम उचलीतून कापणार. भटकणारं गर्भाशय तिथे कोणाला आठवत नाही. कोयता बंद राहू नये म्हणून ते काढलं जातं.