कशी आणि किती

१४ नोव्हेंबरला काय असतं असं विचारलं तर तुम्ही एका सुरात “बालदिन!” म्हणाल. आमच्या वांगणीच्या शाळेतली पोरंही तसंच ओरडतात. (बदलापूरच्या पुढची, रेल्वे स्टेशनवाली वांगणी नव्हे बरं का! ही जव्हार-मोखाड्याकडची.) पण त्याच तारखेला, १८९१ साली, कॅनडात फ्रेडरिक बँटिंग नावाचा मुलगा जन्मला. त्याच्या वाढदिवशी जगभर मधुमेह दिन पाळतात. आमच्या घरात या बँटिंगला फार मान आहे. कारण माझ्या तेरा वर्षांच्या लेकीला मधुमेह आहे.

“बाई, पण मधुमेह तर आजोबांना होतो ना?” माझ्या चौथीतल्या एका मुलाने विचारलंच. आजोबांचा तो वेगळा. हा पहिल्या प्रकारचा. पोटात स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, तिथल्या पेशी इन्सुलिन तयार करतात. जेवणातली साखर रक्तातून शरीराच्या पेशींत जायची तर हे इन्सुलिन लागतं. आपल्या शरीरात रोगजंतूंशी लढणारं एक सैन्य असतं. कधी कधी ते चुकून या इन्सुलिनच्या पेशींवरच तुटून पडतं. मग इन्सुलिन बाहेरून टोचून घ्यावं लागतं, रोज, जन्मभर. हा आजार फार गोड खाल्ल्याने होत नाही, एकमेकांच्या डब्यातलं खाल्ल्याने लागत नाही, आणि कारल्याच्या रसाने जात नाही. हे वाक्य मी आमच्या नातेवाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की आता पाढ्यासारखं पाठ झालंय.

दोन वर्षांपूर्वी शिमगा होऊन गेला होता. लेक तांब्यावर तांब्या पाणी पीत होती, रात्री तीन-तीनदा उठत होती. मी म्हटलं, ऊन वाढलंय. फ्रॉक ढिला झाला तेव्हा म्हटलं, उंची वाढतेय. आमच्या भागात बारीक मूल दिसलं की कुणी दचकत नाही, हीच तर पंचाईत! एके दिवशी ती धापा टाकायला लागली, तोंडाला पिकलेल्या फळासारखा वास यायला लागला, तेव्हा आम्ही तिला उचलून दवाखान्यात पळालो. चार दिवसांनी ती उठून बसली. तुमच्या घरात, वर्गात कुणाला अशी तहान लागत असेल, सारखं लघवीला जावं लागत असेल आणि वजन उतरत असेल, तर मोठ्यांना सांगा. रक्ताचा एक थेंब तपासला की कळतं. मी उशीर केला, तुम्ही करू नका.

हाच आजार १९२१ च्या आधी झाला असता तर? तेव्हा औषधच नव्हतं. डॉक्टर मुलांना जवळजवळ उपाशी ठेवत, म्हणजे थोडे दिवस जास्त मिळत. ११ जानेवारी १९२२ ला टोरांटोत लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला पहिलं इंजेक्शन दिलं. ते नीट लागू पडलं नाही. मग कॉलिप नावाच्या शास्त्रज्ञाने ते औषध अधिक शुद्ध केलं, २३ जानेवारीला पुन्हा टोचलं, आणि मुलगा सुधारला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये एलिझाबेथ ह्यूज ही मुलगी बँटिंगकडे आली. वडील अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री, पण लेकीचं वजन जेमतेम वीस किलो! ती स्वतः सुई टोचून घ्यायला शिकली, आईला लांबलचक पत्रं लिहायची. पुढे त्र्याहत्तर वर्षांची होईपर्यंत जगली. आणि या शोधाचं पेटंट? बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी ते एकेका डॉलरला विद्यापीठाला देऊन टाकलं. ही गोष्ट मी लेकीला सांगितली तेव्हा ती म्हणाली, “एक डॉलर? मग आपली बाटली एवढी महाग का?” मला उत्तर देता आलं नाही.

आता आमची रोजची गंमत ऐका. दिवसातून चार-पाचदा बोटाला टोचून साखर मोजायची, चारदा इन्सुलिन घ्यायचं. भात किती, भाकरी किती, याचा हिशेब. लोक सांगतात, नागली खा, नागलीने साखर वाढत नाही. नागली चांगलीच, पण तिच्यातही पिष्ट असतं, भाकरी मोजावीच लागते. पावसाळ्यात इकडे दोन-दोन दिवस वीज नसते, उन्हाळ्यातही जाते, आणि इन्सुलिनला उकाडा सोसत नाही. मग आम्ही काय करतो? मोठ्या मडक्यात वाळू, वाळूत लहान मडकं, वाळू ओली ठेवायची, वरून ओलं फडकं. घट्ट झाकणाच्या डबीत बाटली ठेवून डबी आतल्या मडक्यात. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता घेतं. माठातलं पाणी गार का लागतं, तेच हे. फ्रिजइतकं गार होत नाही, पण निभतं. पावसाळ्यात हवा दमट, मडकं तितकं गार होत नाही. पण तेव्हा जव्हारची हवाच गार असते! फ्रिज असेल त्यांनी बाटली बर्फाच्या कप्प्याजवळ ठेवू नये. गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

हे सगळं जमलं. जमलं नाही ते निराळंच.

लेक आठवीत गेली. एसटीने जव्हारला जायची, मैत्रिणी झाल्या, आरशासमोर वेळ जायला लागला. तिची साखरेची वही मी रोज बघायची. ११०, ११८, १२०, ११५. किती छान! पण दोस्तांनो, मी मास्तरीण आहे. एका बैठकीत एकाच पेनाने उतरवलेला गृहपाठ मला लांबून ओळखू येतो. मी साखर मोजायचं यंत्र काढलं. त्याला स्मरण असतं. चार दिवस त्यात काही नव्हतंच. त्याआधीचे आकडे होते २८०, ३१०.

मी खूप बोलले. खोटारडी म्हणाले. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “आई, मी शाळेतून आले की तू कशी आहेस असं कधी विचारतेस? तू विचारतेस, किती आहे. आकडा चांगला असला तर तू हसतेस. म्हणून चांगला लिहिला.”

तिचे बाबा उठून चहा करायला गेले. मी तशीच बसून राहिले.

पुढच्या तपासणीला हे सगळं डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, या वयात शरीरात जी संप्रेरकं वाढतात ती इन्सुलिनचा जोर कमी करतात. जेवण तेच, इंजेक्शन तेच, तरी साखर चढते. म्हणजे चार दिवस मोजलं नाही ही तिची चूक, पण ३१० मधला सगळा दोष तिचा नव्हता. मात्रा वाढवावी लागली. मी मात्र आकडा म्हणजे परीक्षेचे मार्क समजून बसले होते.

काही जण म्हणाले, आता मोठी झाली, तिचं तिला करू द्या. ते मला पटलं नाही. मला अडतिसाव्या वर्षी कधी कधी रक्तदाबाची गोळी घ्यायची आठवण राहत नाही, ती तर तेरा वर्षांची. आम्ही वाटणी केली. दिवसाचं ती बघते. रात्रीचं इंजेक्शन माझ्यासमोर. वहीत खरं लिहायचं, आणि खऱ्या आकड्यावर मी रागवायचं नाही. हा शेवटचा नियम माझ्याकडून दोनदा मोडलाय.

तुमच्या वर्गात असं कुणी असेल तर एक लक्षात ठेवा. तो अचानक घामाघूम झाला, हात थरथरले, उगाच चिडायला लागला, तर साखर उतरलेली असू शकते. तीन चमचे साखर पाण्यात घालून लगेच द्या, एकटं सोडू नका, बाईंना हाक मारा. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं. बेशुद्ध असेल तर मात्र तोंडात काही घालू नका, थेट दवाखाना. वर्गात तो मध्येच काही खाताना दिसला तर “बाई, हा खातोय” करू नका. सीबीएसईने २०१७ पासून बोर्डाच्या परीक्षेतही या मुलांना खाऊ जवळ ठेवायची परवानगी दिली आहे. आणि खेळायला घ्यायचं ना? घ्याच! वासिम अक्रमला १९९७ मध्ये मधुमेह असल्याचं कळलं. त्यानंतरही तो २००३ पर्यंत खेळला आणि एकदिवसीय सामन्यांत पाचशे बळींच्या पुढे गेला. आमच्याकडे छत्रपती संभाजीनगरला डॉ. अर्चना सारडा यांची ‘उडान’ ही संस्था अशा मुलांसाठी काम करते. तिथे लेकीला एकदा न्यायचं आहे. तिच्यासारखी दुसरी मुलं तिने अजून पाहिलेलीच नाहीत.

काल एसटी उशिरा आली. लेकीने दप्तर टाकलं, पाय धुतले. मी जीभ आवरून विचारलं, “गणिताचा पेपर कसा गेला?”

“वाईट,” ती म्हणाली. मग यंत्र काढून बोटाला टोचलं आणि मला न विचारता सांगितलं, “आणि दोनशे दहा.”