अनुभवी माणसाला आधी बाहेर काढा

परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर कुणीतरी 'आपत्तीसाठी घर तयार ठेवा' अशी यादी पाठवली. टॉर्च, मेणबत्त्या, शिट्टी, सुका खाऊ, कागदपत्रे प्लास्टिकच्या पिशवीत. यादीत चूक काही नाही. पण पुराच्या वेळी घरात सगळ्यात मोठा खोळंबा जो करतो, तो या यादीत कुठेच नाही. तो म्हणजे माझ्यासारखा म्हातारा.

आम्ही सांगलीच्या गावभागातले. २००५ साली आयर्विन पुलापाशी कृष्णेचे पाणी ५३ फुटांच्या वर गेले, तेव्हा ते आमच्या तिसऱ्या पायरीला लागून परत फिरले. झाले! ती तिसरी पायरी माझ्या डोक्यात कायमची बसली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढू लागले तसा मुलगा म्हणाला, बाबा, निघू या. मी म्हणालो, "मी २००५ पाहिलाय. तिसऱ्या पायरीच्या वर पाणी येत नाही." जन्मभर वर्गात कमाल-किमान तापमानाचे तक्ते भरून घेतले, पण एकदा झालेली कमाल ही कायमची कमाल नव्हे, एवढे मास्तरांना कळले नाही. पाणी ५७ फुटांच्या वर गेले. वजाबाकी तुम्हीच करा. उत्तर आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या कडेपर्यंत आले होते.

आम्ही माडीवर. वीज गेलेली. हिचे इन्सुलिन खाली फ्रिजमध्ये, आणि फ्रिज आडवा होऊन तरंगत होता. बोट यायला दीड दिवस लागला. त्या दीड दिवसात ही मला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

म्हाताऱ्यांची कारणे मला पाठ आहेत, कारण ती सगळी मीच दिली होती. घर कोण सांभाळणार? चोऱ्या होतील. देव उपाशी राहतील. (देव माडीवर आमच्याबरोबरच होते, आणि आमच्याइतकेच उपाशी.) खरे कारण कुणी बोलत नाही, ते मी लिहितो. शिबिरातला संडास. गुडघे वाकत नाहीत, रात्री तीनदा उठावे लागते, आणि तिथे शाळेच्या वर्गात परक्या माणसांच्या अंगावरून वाट काढत जायचे. लाज वाटते. हे कारण खोटे नाही, पण त्यावर टॉर्च हा उपाय नव्हे. कमोड असलेले, उंचावरचे, हक्काचे एक घर आधी ठरवून ठेवणे हा उपाय. आमचे विश्रामबागेत भाचीकडे ठरले आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला तेव्हा वेळेत निघालो, आणि आठ दिवस तिच्या चहाला नावे ठेवत सुखात काढले.

'इतक्या लवकर कशाला?' म्हणणाऱ्यांना एवढेच विचारतो : ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारीच्या माणसांना एक मिनिट तरी मिळाले का? कृष्णा तशी नाही. ती फूट-फूट सांगत येते. आपण ऐकत नाही, आणि मग रस्त्याने जाता आले असते तिथे बोटीची वाट बघत बसतो. २०१९ च्याच पुरात ब्रह्मनाळला बोट उलटून माणसे गेली. बोट ही काही सोय नव्हे.

आणि मुलांनो, तुमचेही चुकते. पाणी गल्लीत आल्यावर 'बाबा, निघायचे का?' विचारले की बाबा नाहीच म्हणणार. हा प्रश्न मे महिन्यात आमरस खाताना विचारायचा, आणि 'का' नाही, 'कधी' असा विचारायचा.

आमच्याकडे कपाटाच्या दाराला आतून एक कागद डकवला आहे. इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. चाळीसला निघायचे. निघताना गॅसचा रेग्युलेटर काढून सिलिंडर माडीवर, मेन स्विच बंद, इन्सुलिन थर्मासमध्ये. परत आल्यावर वायरमनने बघितल्याशिवाय बटणाला हात लावायचा नाही. त्याखाली लिहिले आहे : 'वरील आकडा आल्यावर मी वाद घालणार नाही.' खाली माझी सही. साक्षीदार म्हणून हिची, आणि तिच्याच अक्षरात पुढे : 'घातला तर मी एकटी जाणार.'