इसबावरचं मलम अर्ध्या किलोच्या डब्यात द्या

प्रति,
महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण, मुंबई



सरकारी दवाखान्यांची औषधखरेदी एका जागी व्हावी म्हणून 2023 मध्ये आपलं प्राधिकरण स्थापन झालं. त्याच वर्षी 15 ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले. म्हणून हे पत्र आपल्याला लिहिते आहे. मागणी एकच आहे: इसब असलेल्या लेकरांना साधं स्निग्ध मलम मिळावं, आणि ते पुरेसं मिळावं.

मी नांदेड जिल्ह्यात प्राथमिक शाळेत शिकवते. माझ्या वर्गातली एक मुलगी एप्रिलच्या उन्हातही पूर्ण बाह्यांचा ड्रेस घालून येते. बाहीच्या आतून वाळलेल्या रक्ताचे ठिपके दिसतात. कोपराच्या खळगीतली कातडी खाजवून खाजवून जाड आणि काळपट झाली आहे. रात्री झोप नाही, त्यामुळे पहिल्याच तासाला पेंगते. लागण होईल म्हणून शेजारी कुणी बसत नव्हतं. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, हे मला पालकसभेत दोनदोनदा सांगावं लागलं.

अशा पुष्कळ लेकरांची कातडी जन्मतःच ओल धरून ठेवायला कमी पडते. फिलॅग्रिन या प्रथिनाच्या जनुकातल्या दोषाशी याचा संबंध आहे, हे ब्रिटनमधल्या डंडीच्या संशोधकांनी 2006 मध्ये दाखवलं. आपल्याकडे मात्र ‘अंगात उष्णता आहे’ म्हणून वांगं बंद, अंडी बंद, आंबट बंद. लेकरू वाळतं, खाज तशीच राहते.

मग आईबाप मेडिकलवर जातात आणि स्टेरॉइड, बुरशीचं औषध, अँटिबायोटिक असं सगळं एकत्र असलेली ट्यूब आणतात. चार दिवसांत आराम पडतो, ट्यूब संपली की दुप्पट उठतं. स्टेरॉइडची बरीच मलमं 2018 मध्ये चिठ्ठीशिवाय विकायला बंदी झाली, तरी मागितली की मिळतात. तेच जोरदार औषध महिनोन्महिने चेहऱ्याला चोळलं तर कातडी पातळ पडते. याचा अर्थ स्टेरॉइड वाईट असा नाही. आजार उसळला की ते लागतंच. पण डॉक्टरांनी ठरवलेल्या ताकदीचं आणि तितकेच दिवस. मोठ्या माणसाच्या तर्जनीच्या टोकाच्या पेराएवढी रेघ दोन तळहातांएवढ्या जागेला पुरते, एवढं जरी औषध देताना खिडकीवर सांगितलं तरी पुष्कळ काम होईल.

खरा आधार मात्र रोजच्या स्निग्ध मलमाचा. ब्रिटनमधल्या मार्गदर्शक सूचना इसबाच्या मुलाला आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम द्या म्हणतात. आमच्याकडच्या एका सरकारी दवाखान्यात या मुलीच्या आईला कागदाच्या पुडीत मलम मिळालं, ते दोन दिवसांत संपलं. पुढचं विकत घ्यायचं तर आईची मजुरी त्यात जाते, म्हणून ती मेडिकलवरच्या स्वस्त ट्यूबकडे वळते. तिला दोष कसा द्यायचा?

दुसरी अडचण पाण्याची. लातूरला एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. उन्हाळ्यात नळाला आठवड्यातून एकदा पाणी येणाऱ्या घराला ‘रोज भरपूर पाण्याने अंघोळ घाला’ हा सल्ला काय उपयोगाचा? कमी पाण्यात, खरखरीत साबण न लावता अंघोळ घातली आणि अंग ओलसर असतानाच मलम चोपडलं तरी चालतं. पण त्यासाठी घरात मलम हवं.

पांढरं मऊ पॅराफिन आणि लिक्विड पॅराफिन यांचं मिश्रण ही काही परदेशी, महागडी वस्तू नाही. ते अर्ध्या किलोच्या झाकणबंद डब्यात घ्या, सोबत सौम्य हायड्रोकॉर्टिसोनच्या ट्यूब घ्या, आणि नांदेड-लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांपुरतं न थांबता मुखेड, किनवट, निलंगा, औसा तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत पोहोचवा. दिवाळीनंतर हवा कोरडी पडते आणि या लेकरांचे हाल वाढतात. यंदाचा पुरवठा त्याआधी व्हावा, ही विनंती.

आपली,
एक शिक्षिका, नांदेड जिल्हा