विटाळ संध्याकाळपर्यंतचा

परवा छावणीची बैठक संपल्यावर चहा मारताना एका दोस्तानं ठोकून दिलं, "ज्यूंचं कोशर म्हणजे भटाचं सोवळंच रे. नाव हिब्रू, माल तोच." सगळे हसले. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र डोक्यात किडा वळवळायला लागला. कारण वाक्य टाळ्या घेणारं आहे, आणि अर्धं खोटं आहे. उरलेलं अर्धं मात्र खरं आहे, आणि ते त्यालाही माहीत नव्हतं.

आधी कायदा काय ते बघू. तोरेत दोन जागी यादी आहे. एक लेवीय नावाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात आणि दुसरी 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या चौदाव्यात. (मराठी बायबलात त्या पुस्तकाचं नावच 'अनुवाद' आहे. गोंधळू नका.) जनावर खायचं तर त्याचा खूर दुभंगलेला पाहिजे आणि ते रवंथ करणारं पाहिजे. दोन्ही अटी एकदम. गाय, बकरी, मेंढी, हरीण चालतं. उंट रवंथ करतो, पण खुरात नापास. डुकराचा खूर दुभंगलेला, पण रवंथ नाही, म्हणून बाद. पाण्यातल्या जिवाला पर आणि खवलं दोन्ही पाहिजेत. बांगडा, सुरमई चालते. कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, मुशी बंद. गिधाड, घार, कावळा बंद. रक्त तर कुणाचंच नाही, म्हणून मटण अर्धा तास पाण्यात, तासभर मिठात, मग तीन पाण्यांनी धुवायचं. कापणारा माणूस शिकलेला हवा, सुरीच्या धारेला खाच नको. नखावर धार फिरवून बघतात. आणि मटणाबरोबर दूध नाही. कोकणातल्या बेने इस्रायल बायकांनी त्यावर नामी तोड काढली. मटणाच्या रश्श्यात नारळाचं दूध. गाईचा प्रश्नच मिटला.

हे सगळं कशासाठी? बाराव्या शतकातला मायमोनिडीज वैद्य होता. तो म्हणाला, डुक्कर घाणीत लोळतं, तब्येतीला वाईट. पंधराव्या शतकातल्या अबारबानेलनं त्याला उडवून लावलं. डुक्कर खाणारी माणसं आजूबाजूला धडधाकट फिरताना दिसतात, आणि तोरा हे काही वैद्यकीचं पुस्तक नाही, असं त्याचं म्हणणं. मला अबारबानेल पटतो. खुद्द तोरेत तब्येतीचं कारण नाहीच. तिथं कारण दिलंय ते एवढंच की तुम्ही पवित्र लोक आहात. हिब्रूत पवित्र म्हणजे वेगळं काढलेलं.

इथं दोस्त टाळी मागेल. वेगळं काढलेलं! झालं की सोवळं!

थांब. वेगळं कुणाला काढलं? स्वतःला. लगाम स्वतःच्या तोंडाला घातला. शेजारचा ज्यू नसलेला माणूस डुक्कर खातो, तर रब्बींच्या हिशेबात त्यानं काही पाप केलं नाही. त्याला खाण्यातली एकच बंदी आहे, जिवंत जनावराचा लचका तोडून खायचा नाही. बाकी त्याची मर्जी. आणि ज्यूनंच कायदा मोडला तर? १८८३ साली अमेरिकेत, सिनसिनाटीला, रब्बी घडवणाऱ्या कॉलेजची पहिली तुकडी बाहेर पडली, तेव्हा मेजवानीत कोळंबी, खेकडे, बेडकाचे पाय वाढले गेले. काही रब्बी ताटावरून उठून गेले. दोन वर्षांनी सुधारक रब्बींनी पिट्सबर्गला जाहीरच करून टाकलं की हे नियम आता आमच्यावर बंधनकारक नाहीत. बोंबाबोंब झाली, पंथ फुटले. पण खेकडा खाणाऱ्याची नातवंडं जन्मतः बाटकी ठरली नाहीत.

अगदी गुळगुळीत चित्र काढायचं नाही म्हणून हेही सांगतो. पुढच्या काळातल्या रब्बींनी परक्यांच्या हातची दारू बंद केली, त्यांनी शिजवलेलं पुष्कळसं अन्नही बंद केलं. एकत्र पिणं झालं की पोरींची लग्नं तिकडे जमतील, हे कारण त्यांनी लपवलेलं नाही. रोटीबंदीच्या पाठीमागे बेटीबंदी उभी असते, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

आता मढ्याकडे येतो. सगळ्या कायद्यात मला धरून ठेवलं ते यानं.

आपोआप मेलेलं जनावर ज्यूला खाता येत नाही. ते त्यानं शिवलं, ओढलं, उचललं, तर तो अशुद्ध. चुकून खाल्लं तरी अशुद्ध. कुठवर? लेवीय पुस्तक सांगतं, कपडे धुवावेत आणि संध्याकाळपर्यंत थांबावं. सूर्य बुडाला, विटाळ संपला. मढ्याचं मांस खाल्लं तर आंघोळही सांगितलीय, आणि तो नियम देशी माणसाला तोच आणि वस्तीला आलेल्या उपऱ्यालाही तोच, असं त्याच पुस्तकाच्या सतराव्या अध्यायात साफ म्हटलंय.

संध्याकाळपर्यंत! मी ते दोनदा वाचलं. माझी आजी सांगायची, सासरा गावची ढोरं ओढायचा. मांसाच्या चान्या करून झोपडीवर वाळत टाकायचे. तो चावडीपुढून गेला तर सावली आवरून. त्याचे कपडे कुणी धुतले असते, नदीत चार डुबक्या मारल्या असत्या, तरी कुठला सूर्य बुडणार होता त्याच्या विटाळाचा? तो मेला, त्याच्या पोराला तो विटाळ मिळाला. पोराला ढोर ओढायच्या आधीच मिळाला, पाळण्यात. एकीकडे विटाळ कामाला लागतो आणि दिवस मावळला की उतरतो. दुसरीकडे विटाळ माणसाला लागतो आणि मग त्याला शोभेलसं काम शोधून देतात. सोवळं आणि कोशर एकच म्हणणाऱ्या दोस्तानं हा फरक गिळून दाखवावा.

पण आता दुसरं अर्धं. 'अनुवाद', अध्याय चौदा, ओवी एकवीस. तिथं असं सांगितलंय की आपोआप मेलेलं तुम्ही खायचं नाही. ते तुमच्या वेशीत राहणाऱ्या उपऱ्याला द्या, तो खाईल. किंवा परदेशी माणसाला विका. कारण तुम्ही पवित्र लोक आहात. आणि त्याच ओवीत, लगेच पुढं, करडू त्याच्या आईच्या दुधात शिजवू नका.

एकाच ओवीत, बघा. बकरीच्या दुधाची, तिच्या पिल्लाची एवढी कणव, की तेवढ्यावरून पुढं दुधामटणाची अख्खी दोन स्वयंपाकघरं उभी राहिली. आणि वेशीतल्या उपऱ्याला मढं. तालमूदमध्ये रब्बी या ओवीवर भांडलेत. एक मेईर, एक यहुदा. भांडण कशावर? उपऱ्याला फुकटच द्यायचं की विकलं तरी चालेल, आणि परदेशी माणसाला विकायचंच की दिलं तरी चालेल, यावर. तो खाईल की नाही हे त्याला विचारायचं कुणाच्या टाळक्यात आलेलं दिसत नाही.

रब्बींच्या बाजूनं बोलणारे सांगतात, अहो, त्याला ही बंदीच नव्हती. जमीन नसलेला गरीब तो, त्याच्या पोटाची सोय केली. हा युक्तिवाद मी मराठीत ऐकलाय. मेलेल्या ढोराचं मांस-कातडं हा महारांचा हक्क होता, बलुत्यातला हक्क, असं गावच्या पाटलांची पोरं आजही ऐकवतात. ज्याचा हक्क म्हणतात त्यानं १९२७ च्या मार्चात महाडला बाबासाहेबांचं ऐकलं आणि मढं खाणं सोडायला सुरुवात केली. सोडल्यावर गावोगाव मार खाल्ला. हक्क सोडला म्हणून मार खावा लागतो, असला हक्क!

ज्यूंच्या कायद्याचं आपल्या मुलखात काय झालं, हेही बघण्यासारखं आहे. बेने इस्रायल मानतात की त्यांचे पूर्वज अलिबागजवळ नवगावला जहाज फुटून किनाऱ्याला लागले. घाण्यावर तेल गाळायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून शनिवार तेली. भाषा मराठी, आडनावं पेणकर, रोहेकर, केहिमकर. हिब्रू विसरले, पोथ्या नव्हत्या. दंतकथा अशी की डेव्हिड रहाबी नावाचा परमुलखातला ज्यू आला आणि बायकांपुढं त्यानं मासळीचा मिश्र ढीग टाकला. बायकांनी बिनखवल्याचे मासे निवडून बाजूला सारले. त्यानं ओळखलं, हे आपलेच. ग्रंथ गेला तरी नियम बायकांच्या हातात राहिला, ही गोष्ट मला फार आवडते.

पण गावानं त्यांनाही सोडलं नाही. कायद्यानं गाय चालते, तरी कोकणात बरेच जण गाईचं मांस टाळायचे. गावात राहायचं होतं ना. आणि त्याहून वाईट ते आत शिरलं. गोरे इस्रायल आणि काळे इस्रायल. आई ज्यू नव्हती अशांची ती काळी शाखा. त्यांच्याशी लग्न नाही, त्यांच्या पंगतीला बसणं नाही. तोरेत याला आधार शोधून सापडायचा नाही. हा माल इथला, आपल्या मातीतला. विसावं शतक उजाडलं तरी तो चालू होता.

मग हेच लोक इस्रायलला गेले. १९६२ साली तिथल्या मुख्य रब्बींच्या कचेरीनं फतवा काढला की बेने इस्रायलांशी लग्न लावायचं तर आधी त्यांची आई, आजी, त्यामागच्या पिढ्या ज्यू होत्या का ते तपासा. ज्यांच्या घरात काळ्यांचं ताट वेगळं होतं, त्यांच्याच नातवंडांना जेरुसलेमात रक्ताचा दाखला मागितला गेला. १९६४ च्या उन्हाळ्यात ती माणसं रस्त्यावर ठाण मांडून बसली. ऑगस्टमध्ये संसदेला ठराव करावा लागला की हे सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि रब्बींना फतव्यातून त्यांचं नाव काढावं लागलं.

दोस्ताला हे सगळं ऐकवलं. म्हणाला, "म्हणजे मी अर्धा बरोबर होतो की." होता. पण ज्या अर्ध्यावर आपण सगळे हसलो, ते हे अर्धं नव्हतं.