घरी राहिलेल्या भावंडाचे काय?

उचगाव म्हटले की गोव्यातल्या मराठी वाचकाला तिथले साहित्य संमेलन आठवते आणि भाविकाला मळेकरणी देवी. बेळगावहून वेंगुर्ल्याच्या रस्त्याला लागले की थोड्याच वेळात उचगावचा फाटा येतो. चोर्ला घाट ओलांडून गेलेल्या गोवेकराला ही भाताच्या शेतांची, मराठी बोलणारी गावे परकी वाटत नाहीत. आज मात्र मी उचगावचे नाव घेतो आहे ते संमेलनासाठी नव्हे. अशा गावातले एखादे मूल कॅन्सरने आजारी पडले तर त्याच्या भावाचे किंवा बहिणीचे काय होते, आणि दानधर्म करणारे आपण लोक त्या भावंडाकडे का पाहत नाही, हा आजचा विषय. कोणा एका कुटुंबाबद्दल हे लिहिलेले नाही. उचगावच्या जागी सांबरा म्हणा, येळ्ळूर म्हणा, आपली सत्तरी म्हणा, गोष्ट तीच.

लहान मुलांत सर्वात जास्त आढळणारा कॅन्सर रक्ताचा. त्याच्या नेहमीच्या प्रकारावरचे उपचार दोन ते अडीच वर्षे चालतात आणि पहिले काही महिने फार कडक असतात. जानेवारी २०२५ मध्ये बेळगावात केएलईच्या कॅन्सर इस्पितळाचे उद्घाटन राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते झाले. त्यामुळे या भागातल्या काही जणांची धावपळ कमी होईल. तरीही अवघड दुखणे म्हटले की मुंबईचे टाटा किंवा बंगळूरचे किदवई हेच शब्द अजून तोंडी येतात. आई पोराला घेऊन मुंबईला जाते. बाप कधी तिथे, कधी शेतात. घरी राहतात आजी आणि दुसरे मूल.

मुंबईला गेलेल्या मुलासाठी काहीतरी व्यवस्था आहे. दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, तिथे टाटाचे रुग्ण आणि त्यांची माणसे राहतात. २००६ साली मुंबईत सुरू झालेल्या सेंट ज्यूडच्या केंद्रांत कॅन्सरग्रस्त मुलाला आईवडिलांसह मोफत राहता येते. ही कामे मोठीच आहेत. गाडगेबाबांनी पंढरपूर, नाशिक, आळंदी अशा ठिकाणी धर्मशाळा बांधल्या त्या घरापासून दूर आलेल्या गरिबाला छप्पर हवे म्हणून. पण आपला प्रश्न उलटा आहे. आपले मूल घरीच आहे, आणि त्याचे घर मात्र मुंबईला गेले आहे. त्याच्यासाठी धर्मशाळा कुठे बांधायची?

या मुलाला कोणी काही सांगत नाही. ‘दादाला बरे नाही, गप्प अभ्यास कर,’ एवढ्यावर भागवले जाते. पाचसहा वर्षांचे पोर मग स्वतःच कारण शोधते. आपण भांडणात ढकलले होते, ‘मर जा’ म्हटले होते, म्हणून हे झाले, असे ते मनात धरून बसते आणि कोणाला बोलत नाही. थोडी मोठी मुलगी असेल तर ती न सांगता चूल सांभाळू लागते, आणि आपण तिचे कौतुक करतो! शेजारी आपल्या मुलांना तिच्याशी खेळू देत नाहीत, कारण कॅन्सर लागतो असा समज अजून गेलेला नाही. घराण्यात कॅन्सर आहे, उद्या हिच्या लग्नाचे काय, ही कुजबुज आजीच्या कानावर येते ती वेगळीच. लहान मुलांचे बहुतेक कॅन्सर आनुवंशिक नसतात आणि कॅन्सर स्पर्शाने लागत तर मुळीच नाही. या दोन गोष्टी गावात कोणीतरी मोठ्याने सांगण्याची गरज आहे.

याच्या उलट एक गोष्ट खरोखर संसर्गाची असते. उपचार घेणाऱ्या मुलाची प्रतिकारशक्ती इतकी कमी झालेली असते की कांजिण्यासारखे साधे दुखणेही जिवावर बेतू शकते. म्हणून बऱ्याच महिन्यांनी आई पोराला घेऊन गावी येते तेव्हा शाळेतून ताप किंवा कांजिण्या घेऊन आलेल्या भावंडाला दुसऱ्या घरी पाठवतात. डॉक्टरांचे म्हणणे बरोबरच असते. पण आई इतक्या दिवसांनी घरी आली आणि आपल्याला घराबाहेर काढले, एवढेच त्या मुलाच्या लक्षात राहते.

बऱ्याचदा ते मूल मामाकडे जाते. बेळगाव भागातले किती मामा म्हापशाला, फोंड्याला, वास्कोला कामाला आहेत हे गोवेकरांना सांगायला नको. वर्षाच्या मध्येच आपल्या शाळेत एक नवे मूल येते. त्याचा कन्नड विषय सुटतो, कोकणी कानावर पडू लागते, आणि ते मागच्या बाकावर गप्प बसते. शिक्षक म्हणतात, मूल अबोल आहे. ते इथे का आले हे शाळेला मामा सांगत नाही आणि शाळा विचारत नाही.

वैद्यकाला या भावंडाची आठवण एकदाच होते, अस्थिमज्जा बदलायची वेळ आली की. सख्ख्या भावंडाची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. मग त्याला गाडीत बसवून मुंबईला नेतात, रक्त तपासतात. जुळले तर तो घरातला देव होतो. चारातल्या तीन मुलांचे मात्र जुळत नाही आणि त्यांना परत आणून सोडतात. आपण दादाच्या उपयोगी पडलो नाही, हे ओझे घेऊन ती शाळेत जातात. जुळूनही दादा वाचला नाही तर काय, याचा विचार करवत नाही.

मी सरकारी कारकून असल्याने अर्ज पाहण्यात माझे आयुष्य चालले आहे. आर्थिक मदतीच्या अर्जात रुग्णाचे नाव, उत्पन्न, खर्चाचा अंदाज, डॉक्टरांची सही असते. घरी दुसरे कोण मूल आहे आणि त्याला कोण पाहते, हा रकाना मी अजून पाहिलेला नाही. २०२३ मध्ये महाराष्ट्राने सीमाभागातल्या ८६५ गावांना आपली आरोग्य योजना लागू करण्याचा निर्णय घेतला आणि त्यावरून दोन राज्यांत वादही झाला. वाद रुग्णावरून होता. भावंडावर कोणीच हक्क सांगितला नाही.

बाहेरच्या देशांत हा विचार उशिरा का होईना झाला. २०१५ साली अमेरिकेत कॅन्सरग्रस्त मुलांच्या कुटुंबांना मानसिक-सामाजिक आधार कसा द्यावा याची पंधरा मानके प्रसिद्ध झाली, त्यातले एक खास भावंडांविषयी आहे. तिथली अलेक्स स्कॉट नावाची मुलगी चार वर्षांची असताना, २००० साली, तिने कॅन्सरवरच्या उपचारांसाठी सरबताची टपरी मांडली. ती मांडायला तिला मदत करणारा होता तिचा मोठा भाऊ पॅट्रिक. अलेक्स २००४ साली गेली. तिच्या नावाच्या संस्थेने पुढे ‘सुपरसिब्ज’ हा उपक्रम आपल्याकडे घेतला. तो काय करतो? भावंडांना त्यांच्या स्वतःच्या नावाने टपाल पाठवतो. ऐकायला किरकोळ वाटते. पण ज्या घरात महिनोन्महिने प्रत्येक फोन, प्रत्येक पाहुणा, प्रत्येक खाऊ दुसऱ्यासाठी येतो, तिथे आपल्या नावाचे पाकीट येणे किरकोळ नसते.

यातले काहीही मुंबईच्या संस्था करू शकणार नाहीत. त्यांना रुग्ण दिसतो, भावंड साडेचारशे-पाचशे किलोमीटर मागे राहिलेले असते. ते फक्त गावाला दिसते, म्हणून हे काम गावाचे आहे. आणि सीमाभागातल्या गावांना संघटना शिकवायला नको. वर्गणी काढून, मंडप घालून, ग्रंथदिंडी काढून जे लोक वर्षानुवर्षे मराठी संमेलने भरवतात, त्यांना दर तीन महिन्यांनी एका मुलाचे मुंबईचे तिकीट काढणे जड नाही. आईचा फोन ठरल्या वेळी यावा, आणि त्यातली पहिली दहा मिनिटे फक्त या मुलाची असावीत, हे आईला एका शिक्षकाने सांगितले तर ती ऐकेल. शाळेची फी, सहलीचे पैसे, चतुर्थीचे कपडे ही दुसरी गोष्ट. मात्र फोटो काढून छापायचा नाही. दान घेतानाचा फोटो वर्गातल्या मुलांनी पाहिला की त्या मदतीचे काय होते हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

पैसा आधी आजाऱ्याला, धडधाकट मुलाला कशाला, असे कोणी म्हणेल. उपचार अर्धवट सोडून गावी परतणारी कुटुंबे असतात. त्यामागे खर्च असतो, अंतर असते, आणि घरी राहिलेल्या मुलांची काळजीही असते. तेव्हा भावंडाला सांभाळणे आजाऱ्याच्याही कामी येते. पण खरे सांगायचे तर मला हे कारण पुढे करणे आवडत नाही. तसे केले की भावंड पुन्हा दुसऱ्याच्या उपयोगाचेच ठरते, मज्जेच्या तपासणीत ठरले होते तसेच. त्याचे दुःख त्याचे स्वतःचे आहे आणि तेवढ्यावरच त्याला मदत मिळायला हवी. आजारी मूल बरे होऊन आले तरी ती लगेच थांबवू नये, आणि ते आले नाही तर मुळीच थांबवू नये. तेराव्यानंतर पाहुणे जातात, आईवडील भिंतीकडे पाहत बसतात, आणि त्या घरात शाळेत जाणारे एक मूल अजून असते.