माहिती पुरेशी आहे का?

शालेय गणिताने पिढ्यान् पिढ्या एकच शिस्त अंगी बाणवली. प्रश्न दिसला की रीत मांडायची, आकडेमोड करायची आणि उत्तराखाली दोन रेघा ओढायच्या. स्पर्धा परीक्षांतील ‘डेटा सफिशियन्सी’ अर्थात माहितीच्या पर्याप्ततेचे प्रश्न नेमक्या याच सवयीवर आघात करतात. येथे उत्तर विचारलेले नसते. उत्तर काढण्यासाठी दिलेली माहिती पुरेशी आहे काय, एवढेच सांगायचे असते. व्यवस्थापनशास्त्राच्या प्रवेश परीक्षा आणि बँकांची भरती यांच्याशी दीर्घकाळ जोडल्या गेलेल्या या प्रश्नांनी अलीकडच्या वर्षांत केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या पूर्वपरीक्षेतही ठळक जागा मिळवली आहे. त्यामुळे हजारो उमेदवारांच्या निवडीचा प्रश्न त्यांच्याशी जोडला गेला असून, त्यांचे स्वरूप समजून घेणे अगत्याचे ठरते.

प्रश्नाची मांडणी वरकरणी साधी असते. एक प्रश्न आणि त्याखाली दोन विधाने. पहिले विधान एकटे पुरेसे आहे, दुसरे एकटे पुरेसे आहे, दोन्ही एकत्र घेतली तरच पुरेशी आहेत, प्रत्येक विधान स्वतंत्रपणे पुरेसे आहे किंवा दोन्ही मिळूनही अपुरी आहेत, असे पाच पर्याय रूढ आहेत. पहिले विधान पुरेसे असल्याची खात्री पटली तर पाचपैकी दोनच पर्याय उरतात. ते अपुरे ठरले तर तीन. म्हणजे निम्मे काम क्रमवार छाननीनेच होते. प्रथम पहिले विधान एकटे तपासायचे, नंतर ते पूर्णपणे बाजूला ठेवून दुसरे, आणि दोन्ही अपुरी ठरली तरच त्यांची सांगड घालायची. हा क्रम सांगायला सोपा असला, तरी परीक्षेच्या घाईत तोच सर्वांत आधी मोडतो.

एक उदाहरण घेता येईल. एका विद्यार्थ्याने प्रत्येकी ७ रुपयांच्या काही पेन्सिली आणि प्रत्येकी ११ रुपयांच्या काही वह्या घेतल्या, तर वह्या किती? पहिले विधान सांगते की एकूण खर्च ८३ रुपये झाला. दुसरे सांगते की एकूण वस्तू ९ होत्या. दोन अज्ञात संख्यांसाठी दोन समीकरणे हवीत, हा शाळेतला नियम पाठ असलेला उमेदवार ‘दोन्ही विधाने एकत्र’ या पर्यायावर खूण करून मोकळा होतो. वस्तुत: पेन्सिली आणि वह्या पूर्ण संख्येतच घेता येतात. ८३ मधून ११ च्या पटी वजा करत गेले, तर उरलेल्या रकमेला ७ ने नि:शेष भाग केवळ ५ वह्यांच्या वेळी जातो. ५५ रुपयांच्या वह्या आणि २८ रुपयांच्या ४ पेन्सिली, एवढी एकच शक्यता उरते. पहिले विधान एकटेच पुरेसे आहे. नियम चुकीचा नव्हता, पण तो कोठे लागू होतो याचा विचार झाला नव्हता. प्रश्नकर्त्याने सापळा लावला होता तो याच ठिकाणी.

दुसरा सापळा ‘नाही’ या शब्दाचा. एका सहलीला गेलेल्या विद्यार्थ्यांत निम्म्याहून अधिक मुली होत्या का, असा प्रश्न आहे. मुली व मुलगे यांचे प्रमाण ३ : ५ होते, हे पहिले विधान, एकूण विद्यार्थी ४८ होते, हे दुसरे. पहिल्या विधानावरून उत्तर ठामपणे ‘नाही’ असे येते, म्हणून ते पुरेसे आहे. तथापि अनेक उमेदवार नकारार्थी उत्तरालाच ‘माहिती अपुरी’ समजतात. काही जण मुलींची नेमकी संख्या काढण्याच्या मोहात दुसरे विधानही ओढून घेतात. ‘होय’ किंवा ‘नाही’ यांपैकी कोणतेही एक उत्तर नि:संदिग्धपणे मिळाले की माहिती पुरेशी ठरते. कधी होय आणि कधी नाही अशी स्थिती असेल तरच ती अपुरी.

तिसरी चूक गृहीतकाची. एका संख्येचा वर्ग ४९ आहे आणि ती संख्या शून्याहून लहान आहे, अशी दोन विधाने देऊन ती संख्या विचारली जाते. ७ एवढेच आठवणारा पहिल्या विधानावर थांबतो आणि उणे ७ विसरतो. पहिल्या विधानातील ४९ मनात घोळवत दुसरे वाचणाऱ्याला ते एकटेच पुरेसे वाटू लागते. येथे दोन्ही विधानांची एकत्रित गरज आहे. किंबहुना या प्रश्नांतील बहुतेक चुका गणित न आल्यामुळे होत नाहीत. न दिलेली गोष्ट दिलेली आहे असे धरून चालल्याने त्या होतात.

व्यवस्थापन शिक्षणाच्या जगाने हे ओळखले असल्याचे एका बदलावरून दिसते. ‘जीमॅट’ या आंतरराष्ट्रीय प्रवेश परीक्षेची नवी आवृत्ती नोव्हेंबर २०२३ मध्ये सुरू झाली आणि जानेवारी २०२४ अखेर जुनी आवृत्ती बंद झाली. या फेररचनेत माहितीच्या पर्याप्ततेचे प्रश्न गणिताच्या विभागातून काढून ‘डेटा इनसाइट्स’ या स्वतंत्र विभागात नेण्यात आले. तक्ते, आलेख आणि अनेक स्रोतांतून आलेली माहिती यांच्या पंक्तीला ते जाऊन बसले. २० प्रश्न आणि ४५ मिनिटे असे या विभागाचे स्वरूप असून, त्याचे गुण एकूण गुणांत धरले जातात. गणिताच्या विभागात गणकयंत्र वापरता येत नाही. या विभागात मात्र ते पडद्यावर उपलब्ध असते. यंत्र हाताशी देऊनही प्रश्न अवघड राहतो, यातच त्याचे मर्म आहे. कस लागतो तो आकडेमोडीचा नव्हे, निर्णयाचा.

भारतात मात्र या प्रश्नांना वेगळ्या वादाची किनार आहे. केंद्रीय लोकसेवा आयोगाने २०११ मध्ये पूर्वपरीक्षेत ‘सीसॅट’ ही कल चाचणीची प्रश्नपत्रिका आणली. तिच्या अभ्यासक्रमात दहावीच्या पातळीची माहितीची पर्याप्तता स्पष्टपणे नमूद आहे. अभियांत्रिकी व व्यवस्थापन शाखेच्या इंग्रजी माध्यमातील उमेदवारांना ही परीक्षा झुकते माप देते, या आक्षेपावरून २०१४ मध्ये दिल्लीत मोठे आंदोलन झाले. २०१५ पासून ही प्रश्नपत्रिका केवळ पात्रतेपुरती उरली. राज्य लोकसेवा आयोगानेही २०२२ मध्ये हाच मार्ग स्वीकारला. २०० पैकी ६६ गुण मिळवले की पुरे, या समजुतीने अनेकांनी तिची तयारी शेवटच्या महिन्यावर ढकलली.

ही निश्चिंती महागात पडली. मे २०२३ च्या परीक्षेनंतर सीसॅटच्या काठिण्याविरुद्ध उमेदवार केंद्रीय प्रशासकीय न्यायाधिकरणात गेले आणि पात्रतेची मर्यादा ३३ टक्क्यांवरून २३ टक्क्यांवर आणण्याची मागणी झाली. दोन तासांत ८० प्रश्न, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. शिवाय चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुणांची वजावट. या पत्रिकेत ६६ ची रेषा ओलांडली नाही, तर सामान्य अध्ययनात मिळवलेले उत्तम गुणही जमेस धरले जात नाहीत. इतिहास, राज्यशास्त्र किंवा मराठी साहित्य घेऊन वर्षानुवर्षे अभ्यास करणाऱ्या तरुणाचे एक वर्ष दोन-तीन प्रश्नांच्या फरकाने वाया जाऊ शकते.

भाषेची अडचणही नाकारता येणार नाही. केंद्रीय पूर्वपरीक्षेचे प्रश्न हिंदी व इंग्रजीतच असतात. मुख्य परीक्षा मराठीत लिहिण्याची मुभा असली तरी पहिला उंबरठा मराठीत नाही. आयोगाच्या प्रश्नांतील पर्याय चार असतात आणि त्यांतील दोन फसवे जुळे वाटावेत असे. एका विधानावरून उत्तर मिळते पण दुसऱ्यावरून मिळत नाही, हा एक पर्याय. दोहोंपैकी कोणत्याही एकावरून मिळते, हा दुसरा. घड्याळाकडे डोळे लावून परक्या भाषेत हा भेद टिपताना तर्क शाबूत असलेला उमेदवारही घसरतो. अशा वेळी परीक्षा तर्काची होते की वाचनवेगाची, हा प्रश्न रास्त आहे. पर्यायांची भाषा सुबोध ठेवणे आणि ‘दहावीची पातळी’ हे आश्वासन शब्दश: पाळणे, ही आयोगांची जबाबदारी ठरते.

म्हणून हा प्रश्नप्रकारच हद्दपार करावा, असे मात्र म्हणता येणार नाही. उलट पाठांतर आणि किचकट सूत्रे यांना सर्वांत कमी वाव देणारा प्रकार म्हणून कलाशाखेच्या उमेदवारालाही तो न्याय देऊ शकतो. शिकवणी वर्गांत ‘क्लृप्त्या’ विकल्या जातात. पण चाळीस-पन्नास प्रश्न सावकाश सोडवून प्रत्येक चुकीपुढे कोणते गृहीतक नडले हे लिहून ठेवणे, हा बिनखर्चाचा उपाय अधिक खात्रीचा. एकाच विधानात बसणारी दोन भिन्न उत्तरे शोधून पाहणे, ही दुसरी उपयुक्त सवय. तशी दोन उत्तरे सापडली की ते विधान अपुरे ठरते आणि पुढची आकडेमोड वाचते. शून्य, ऋण संख्या आणि अपूर्णांक यांचा विचार केल्याखेरीज विधानाला पुरेसे म्हणायचे नाही, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ.

या कसोटीचे महत्त्व परीक्षेच्या दालनापुरते नाही. एका प्रभागात डेंग्यूचे ४० रुग्ण आणि शेजारच्या प्रभागात ६० आढळले, असे टिपण उद्याच्या अधिकाऱ्याच्या टेबलावर आले तर औषध फवारणीची पथके प्रथम कोठे धाडायची? लोकसंख्या माहीत नाही, किती जणांची तपासणी झाली ते माहीत नाही. दिलेले दोन आकडे अचूक असूनही निर्णयाला अपुरे आहेत. हे ओळखून तिसरा आकडा मागवणारा अधिकारी आणि ६० हा ४० पेक्षा मोठा म्हणून सही करणारा अधिकारी यांच्यातला फरक नागरिकांच्या आरोग्यावर उमटतो. तो फरक निवडीच्या पहिल्याच टप्प्यावर हेरण्याचे साधन हाती असताना ते अधिक न्याय्य करणे आयोगांच्या हाती आहे, आणि ते गांभीर्याने घेणे उमेदवारांच्या.